चिंचेच्या आळीची खाट

शनिवार, २ मार्च

पोहोचले एकदाची! सियूहून निघालेली होडी भरतीची वाट बघत तीन तास चिखलात रुतून बसली होती, त्यामुळे लामूच्या धक्क्याला लागेपर्यंत दुपार टळली. आत्या मात्र सकाळपासून धक्क्यावर उभी. मला बघताच तिनं पहिलं काय विचारलं, तर अगं बर्के, बापानं तुला उपाशी ठेवलंय का गं? घरी नेऊन नारळाच्या दुधातला भात, भाजलेला मासा आणि वर हलवा असं काही वाढलं की आता पेन धरतानाही पोट आडवं येतंय.

घर उंच आणि अरुंद आहे. खाली चौकात विहीर, वर माझी खोली. प्यायला नळाचं पाणी घ्यायचं. विहिरीचं मचूळ आहे, ते आंघोळीला. आत्याला कमी दिसतं आणि लिहिता-वाचता येत नाही. रोज संध्याकाळी मी तिला काहीतरी वाचून दाखवायचं, हे माझं भाडं, असं तिनं जाहीर केलं.

ही वही बाबांनी दिली. शाळेत जायच्या आधी अक्षरं त्यांनीच शिकवली, आमची भाषा जुन्या अरबी लिपीत वाचायलासुद्धा. निघताना म्हणाले, रोज लिहीत जा, आणि ज्या दिवशी लिहायची लाज वाटेल त्या दिवशी तर नक्कीच लिही.

आज लाज वाटण्यासारखं एकच: हलवा तीनदा घेतला.

मंगळवार, ५ मार्च

लालीमिस्त्रींचा कारखाना किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत आहे. ते आणि बाबा लहानपणी एकाच उस्तादाच्या हाताखाली होते, म्हणून मला इथं घेतलं. नाहीतर इथं बाईमाणूस याआधी कधी कामाला नव्हतं. मिस्त्रींनी माझ्या आडोशासाठी एका कोपऱ्यात पडदासुद्धा लावून घेतलाय.

काम म्हणजे लाकडाला म्हातारं करणं. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांना सगळं जुनं दिसायला हवं असतं. नव्या पेटीवर तारेचा ब्रश रेषेरेषेनं फिरवायचा, गंजलेले खिळे भिजवलेलं व्हिनेगर लावायचं, मग चुन्याचा पातळ हात, तो वाळला की पॉलिश पेपरनं जागोजागी उडवायचा, शेवटी मेणात काजळी कालवून चोळायचं. चार दिवसांत शंभर वर्षं.

मला एक पेटी दिली होती. मी कुठंही घासत बसले नाही. बाबा म्हणतात, लाकूड हात लागतो तिथंच झिजतं. खोटं झिजवायचं असलं तरी आधी हाताला विचार. मी डोळे मिटून झाकण उघडलं, बंद केलं, पन्नासदा. अंगठा जिथं टेकला तिथंच घासलं. मिस्त्रींनी पेटी तीनदा फिरवून बघितली आणि अथमानला म्हणाले, बघ, सहा वर्षांत तुला जमलं नाही ते. अथमान हा इथला मोठा कारागीर. तो म्हणाला, हिची बोटं साठ वर्षांची दिसतात, नवरा मिळायला अवघड जाणार बिचारीला. सगळे हसले, मीही हसले. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

शनिवार, ९ मार्च

आठवड्यात तीनदा हसं करून घेतलं.

बुधवारी विचारलं, की जुनं नसताना आपण गिऱ्हाइकाला जुनं म्हणतो का? मिस्त्री म्हणाले, आपण काहीच म्हणत नाही, पोरी, दिसतंय तसं दिसतं. गुरुवारी एका जुन्या दारावर अल्लाचं नाव कोरलेलं निघालं. त्याचं चहाचं टेबल होणार होतं. मी म्हटलं, नावावर कप कसे ठेवायचे? मिस्त्रींनी मान्य केलं, दार भिंतीला लावायचं ठरलं, पण अथमानचं दोन दिवसांचं काम फुकट गेलं. आणि आज मी सरसाच्या डब्याकडे बघत विचारलं की हा कुठल्या जनावराच्या हाडांचा आहे.

अथमाननं हातातला रंधा खाली ठेवला, छातीवर हात बांधले आणि अदबीनं झुकून म्हणाला, या, काझीबाई, या, बसा. डबा हजर आहे, साक्षीला बोकड बोलावू का? दिवसभर मग तेच. काझीबाई, हा खिळा हलाल आहे का? काझीबाई, मला शिंक आली, चालेल ना? मिस्त्रीसुद्धा मिशीत हसले.

मीही हसले. घरी येऊन रडले. बाबांच्या घरात प्रश्न विचारला की शाबासकी मिळायची. ठरवलंय, आता तोंड बंद. पुन्हा कुणाला संधी द्यायची नाही.

सोमवार, ११ मार्च

लाज वाटतेय, म्हणून लिहितेय.

आज एक जुनी खाट आली. खरंच जुनी. मिस्त्रींनी एका माणसाकडून घेतली, तो म्हणाला आजीची आहे, घर मोडतोय. पाय उंच, माप लांब आणि अरुंद. पृष्ठभाग फळ्यांचा, मधोमध बोटभर फट, आणि सगळा उतार किंचित पायाकडे. हॉटेलच्या बाईला पोहण्याच्या तलावाकाठी ठेवायला असलंच काहीतरी हवं होतं. चुन्याचा पांढरा हात देऊन, उडवून, झकास दिसेल. मिस्त्री म्हणाले, हे काम बर्के एकटी करेल, आणि चांगलं झालं तर ती कायमची माझ्या कारखान्यात.

मी खाली वाकून बघत होते. कडेच्या दांड्याला आतल्या बाजूनं एक ओळ कोरलेली होती. जुनी लिपी, आमची भाषा. सहज वाचता आली:

चिंचेच्या आळीतल्या मयतांच्या आंघोळीसाठी सलमा बिंती शेखुवे हिनं वक्फ केली. विकू नये, देऊ नये, वारशानं घेऊ नये.

दोनदा वाचलं. फट कशासाठी, उतार कशासाठी, सगळं लक्षात आलं. तेवढ्यात मिस्त्रींनी लांबून विचारलं, काय गं, काय लिहिलंय? अथमाननं रंधा थांबवला. त्याच्या तोंडावर ते हसू येऊ लागलेलं मला दिसलं.

मी म्हटलं, कारागिराचं नाव आहे.

मिस्त्री म्हणाले, मग घासून टाक. दुसऱ्याचं नाव असलेली वस्तू गिऱ्हाइकाला आवडत नाही.

मंगळवार, १२ मार्च

घासून टाकलं. वाटलं होतं वेळ लागेल, पण लाकूड मऊ निघालं. शेवटी सलमाचं नाव राहिलं, तेही गेलं.

पूड जमिनीवर पडू दिली नाही. अक्षरांची पूड, त्यात असलं वाक्य; ती कुणाच्या पायाखाली येणं बरं नाही. खाली रुमाल धरला आणि गाठ मारून घरी आणला. एवढं मोठं पाप करून एवढंसं पुण्य सांभाळणारी मी! अथमाननं बघितलं असतं तर हसून मेला असता.

गुरुवार, १४ मार्च

चुना धरत नाही.

काल सकाळी हात दिला, नीट वाळला. दुपारच्या नमाजानंतर सगळे जेवून तासभर आडवे होतात. उठून बघते तर खाट ओली. सगळी नाही. एका टोकाला गोल, मग खांद्यांएवढं रुंद, मग निमुळतं होत दोन टाचांचे दोन डाग. फटीतून थेंब पडत होते. वर छप्पर कोरडं ठणठणीत, पाऊस महिनाभर नाही.

आज पुन्हा हात दिला, पुन्हा दुपारी तसंच. डाग कालच्यापेक्षा ठेंगणा. दुसरं कुणीतरी.

आणि मी जिथं घासून झीज आणली होती, बसणाऱ्याचे हात टेकतील तिथं, ती नाहीशी झालीय. त्याऐवजी दोन्ही कडा मधोमध आत दबल्यात, गुळगुळीत. मी डोळे मिटून उभी राहिले, हाताला विचारलं. हात नव्हे, पोट टेकलं. दोन्ही बाजूंनी वाकून उभ्या राहणाऱ्या बायका, कितीतरी वर्षं.

मिस्त्रींना सांगितलं, चुना दमट निघाला. आणखी एक खोटं.

शुक्रवार, १५ मार्च

पुडीचा रुमाल उशाशी ठेवून झोप येत नाही. पवित्र मजकूर असलेली जुनी पानं, कागद समुद्रात सोडतात किंवा विहिरीत. समुद्राकडे जायचं तर मिस्त्रींच्या दारावरून जावं लागतं. अथमान ओट्यावर कॉफी पीत बसलेला असतो, रुमालात काय ते विचारणारच. म्हणून सकाळी आंघोळीआधी आत्याच्या विहिरीतच सोडली. पूड थोडा वेळ तरंगली, मग बुडाली. मन हलकं झालं. त्याच पाण्यानं आंघोळ केली.

शनिवार, १६ मार्च

वाळली! दुपारनंतरही कोरडी. चुना असा बसलाय जसा काही लाकडातूनच उगवला. मेण लावलं. मिस्त्रींनी कडेवरून बोट फिरवून बघितलं, मग म्हणाले, तुझ्या बापाला कळवतो. अथमान म्हणाला, काझीबाई, मानलं तुला, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता.

गुरुवारी खाट जाणार. मी कायमची.

सोमवार, १८ मार्च

चिंचेच्या आळीत काल एक बाई वारली. मयताला आंघोळ घालायला मशिदीच्या खोलीत गेले तर खाट नाही. शोधाशोध झाली. शेवटी शेजारच्या घराचं दार बिजागरीतून काढून त्यावर घातली. दार अरुंद, एक हात सारखा खाली लोंबत होता. हे सगळं अथमान सांगत होता. त्याची मावशी त्या आळीत असते.

मिस्त्रींनी कानाला हात लावला. म्हणाले, मेलेल्यांची खाट विकणारा कोण आणि घेणारा कोण! माझ्याकडे असली वस्तू आली असती ना, तर स्वतःच्या डोक्यावर घेऊन परत पोहोचवली असती.

अथमान म्हणाला, आपल्याला कसली भीती? आपल्याकडे काझीबाई आहे. असलं काही आलं तर पहिली तीच ओरडेल.

खाट त्याच्या पाठीमागे उभी होती, पांढरीशुभ्र. मी सरस ढवळत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं. मिस्त्रींनी तर वाटही करून दिली होती. पण आता ओळच नाही. मीच घासली. आता सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं, कारागिराचं नाव म्हटलं तेही.

उद्या सांगेन.

मंगळवार, १९ मार्च

सांगितलं नाही.

दुपारी पडद्याआड चटईवर पडले होते. डोळा लागला. छातीपासून गुडघ्यांपर्यंत काहीतरी जड टेकलेलं. आधी वाटलं स्वप्न. गार, आणि हाडांचं. मग कोमट पाणी. उजवीकडून ओघळलं, मग डावीकडून. तीनदा. उठता येईना.

जाग आली तेव्हा कपडे समोरून चिंब. बोरीच्या पाल्याचा आणि कापराचा वास. दोन्ही मयताच्या पाण्यात घालतात.

अथमाननं बघितलं आणि विचारलं, आत्याची विहीर अंगावर घेऊन आलीस का?

विहीर.

लहानपणी ताप आला की बाबा बशीवर केशरानं कुराणातली आयत लिहायचे, गुलाबपाण्यानं धुवायचे, ते पाणी मला पाजायचे. म्हणायचे, अक्षर पाण्यात विरघळलं म्हणून संपत नाही, अंगात जातं.

मी रोज त्याच पाण्यानं आंघोळ करतेय.

बुधवार, २० मार्च

आज आंघोळ नाही केली. तरी दुपारी तेच. आज दोघी. एकीमागून एक. दुसरी फार हलकी होती, लहान असावी.

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, चहाच्या डागासारखी रेघ आलीय. वाटलं व्हिनेगर सांडलं. आत्यानं चाचपडून विचारलं, ही मेंदी कुणी काढली गं, खरखरीत लागतेय?

मेंदी नाही. वाचली. तीच ओळ. आळीचं नाव, सलमाचं नाव, विकू नये, देऊ नये.

साबण. दगड. शेवटी पॉलिश पेपर.

दुखलं नाही. रक्तही नाही आलं. पूड पडली. बारीक, पिवळसर, लाकडाची. मी खाली रुमाल धरला.

ओळ तशीच आहे. अजून खोल.

गुरुवार, २१ मार्च

सांगितलं. उशिरा, पण सांगितलं.

मी पोहोचले तर खाट सकाळच्या होडीनं गेलेली. मिस्त्रींसमोर उभी राहून सगळं बोलले. ते ओरडले नाहीत. फक्त विचारलं, तू वाचलं होतंस? हो म्हटलं. पूर्ण? हो. मग टोपी घातली, अथमानला उठवलं आणि दोघे पलीकडच्या किनाऱ्याला गेले. जाताना अथमाननं माझ्याकडे बघितलंही नाही. त्याची एखादी थट्टा ऐकायला मी आज काहीही दिलं असतं.

तलावातून निघालेले लोक ओल्या अंगानं तिच्यावर झोपले होते म्हणे. हॉटेलच्या बाईशी वाद घालून संध्याकाळी परत आणली. मिस्त्रींनी डोक्यावर घेऊन.

आता सुटेन. सुटायलाच हवं.

शुक्रवार, २२ मार्च

मोठ्या नमाजानंतर आळीतल्या बायका आल्या. पुढे बी झैनाबु, मयतांना आंघोळ घालणाऱ्या, ऐंशीच्या. त्यांनी खाटेचा दांडा आतून बोटांनी चाचपला. एकदा, दोनदा. म्हणाल्या, ही आमची नाही.

मिस्त्रींनी शपथ घेतली. मीही. त्या म्हणाल्या, लाकूड असेल आमचं, बाळा. पण सलमानं लाकूड नव्हतं दिलं, शब्द दिला होता. तो कुठाय? शब्द नाही तर ही हॉटेलची खुर्ची. तिच्यावर मी आमची माणसं निजवू?

मग माझा हात धरला. बाही वर केली. बोट फिरवलं, सावकाश, शेवटपर्यंत.

मागच्या बायकांना पुढे बोलावलं. त्यांनीही बोटं फिरवली.

मग अगदी अदबीनं, पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, की आळीतली रुकिया फार आजारी आहे. रात्र काढेल, दुपार नाही काढणार. उद्या चालेल ना?

खाट तिथंच सोडून गेल्या.

शनिवार, २३ मार्च

सकाळी धक्क्यावर गेले. सियूची होडी लागली होती. बाबांकडे जाणार. होडीत पाय ठेवायला गेले — पाय उचलेना. होडीवाला ओरडत होता, ताई, चढायचं तर चढ. होडीकडे पाठ केली की पाय चालतात. मागे, आळीकडेच —

वक्फची वस्तू जागेवरून हलवत नाहीत. मला माहीत होतं. मला सगळंच माहीत होतं —

मशिदीची खोली. दार उघडं. जमिनीवर खाटेच्या पायांचे चार खळगे. आडवी झाले, टाचा दोन खळग्यांत बसल्या. कोपरं दोनांत. मापाची —

अजान झाली. बाहेर बायका. पाणी तापवताहेत, धूर येतोय. बी झैनाबु कुणाला तरी सांगताहेत, हळू, डोकं सांभाळा.

वही बाजूला धरलीय, एका हातानं —

ठेवलं. गार. केसांना अजून तेलाचा वास. रुकियाचं तोंड माझ्या कानाशी. तिला ऐकू येतंय, म्हणजे — ती विचारतेय. लालीमिस्त्रींनी विचारलं होतं तसंच. काय गं, काय लिहिलंय?

पाणी. उजवी बाजू आधी. हलायचं नाही —

या वेळी खरं सांगते. कारागिराचं नाव नाही. लिहिलंय, की —